राणीच्या ग्रंथातलं एकोणतिसावं पान

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते मला विचारू नका. मला जिने सांगितली, तिलाही ते ठाऊक नव्हतं. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

एका डोंगरावर एक राजधानी होती. डोंगराला चारी बाजूंनी गवताची उतरण, माथ्यावर तट, आणि तटाला एकच मोठा सागवानी दरवाजा. खाली पायथ्याशी पंचवीस-तीस घरांची एक वाडी होती. त्या गादीवर राजे पुष्कळ होऊन गेले, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते एका राणीचं. तिला जाऊन शंभरावर वर्षं झाली, तरी सगळे तिला थोरली राणीच म्हणत. तळी तिची, धर्मशाळा तिच्या, डोंगरावर लावलेले आंबेही तिचे.

या थोरल्या राणीचा एक ग्रंथ होता.

डाळिंबी कातड्याची त्याची बांधणी. कडेने चांदीच्या तारेची वेल, इतकी बारीक की बोट फिरवलं तरच कळावी. आतला कागद जाड, गारगोटीने घोटून गुळगुळीत केलेला. राणीच्या जन्मापासून अखेरच्या दिवसापर्यंत चाळीस चित्रं होती. ती काढणारा चितारी कधीच मातीला मिळाला होता, पण त्याने लावलेला हिंगुळाचा लाल काल लावल्यासारखा वाटे. चाळीस पानांनंतर घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या बारशाचं एकेक चित्र पुढे वाढवत गेले होते. तलम रुमालात गुंडाळून तो ग्रंथ देवघराशेजारच्या दालनात ठेवलेला असे.

त्या वेळी गादीवर थोरल्या राणीची पणती होती. बाई मनाची चांगली, प्रजेला जपणारी. पण घराण्याचा अभिमान मोठा. पणजीच्या जन्माला दीडशे वर्षं होणार म्हणून तिने उत्सव मांडला. पाच राज्यांचे पाहुणे येणार, आणि सगळ्यांसमोर ग्रंथ पानापानाने उघडून दाखवायचा, असं ठरलं.

राणीने चितारणीला बोलावणं धाडलं.

चितारणीचं नाव आवडा. चाळिशीची, विधवा, वडिलांजवळ राहणारी. वडील, आबा, एके काळी दरबारचे चितारी होते. त्यांच्याकडूनच ती शिकली होती, आणि आता तिचा हात त्यांच्याही पुढे गेला होता. चिरलेलं चित्र तिने जुळवलं, तर चीर कुठे होती ते खुद्द तिलाही दाखवता येत नसे. या गोष्टीचा तिला मनातून फार तोरा होता. तसा तो असायचाच. हाताला कला असली, की जीव थोडा फुगतो.

राणीने दालनाचं दार लावून घेतलं, ग्रंथ उघडला आणि एकोणतिसाव्या पानावर बोट ठेवलं.

"हे पाहिलंस?"

आवडाने वाकून पाहिलं.

चित्रात हाच डोंगर होता. उतरणीवरचं गवत पेटलेलं. वणव्याच्या ज्वाळा खालून वर चढत होत्या आणि त्यांच्या पुढे माणसं पळत दरवाज्यापाशी येऊन थांबली होती. दरवाजा बंद होता. सतरा माणसं. कोणी दारावर मुठी आपटत होतं, कोणी खाली बसलं होतं. एक बाई अंगाशी गाठोडं धरून उभी होती, आणि तिचा एक तळवा दाराच्या फळीला टेकलेला होता. वर तटावर थोरली राणी होती. तोंड दुसरीकडे वळवलेलं.

"हे खरं आहे?" आवडाने विचारलं.

"खरं आहे," राणी म्हणाली. "दाराच्या आत गवताच्या गंज्या होत्या. दार उघडलं तर आग आत येईल, असं तिला वाटलं. अर्ध्या घटकेत वारा फिरला आणि वणवा दुसरीकडे गेला. आत एक काडीही जळली नाही. बाहेरची सतराही माणसं गेली. हे चित्र तिनेच काढून घेतलं. जिवंत होती तोवर दर वर्षी दरवाज्यात उभी राहून पानामागची नावं स्वतः वाचायची, म्हणतात."

"आणि मग?"

"मग माझ्या आजीने नावं वाचणं सोडलं. आईने हे पान भराभर उलटायला सुरुवात केली. मी तर आजवर दोन पानं एकत्र धरूनच उलटत आले." राणी जरा थांबली. तिला सातवा महिना होता. ती लोडाला टेकून बसली. "आवडा, तिने आयुष्यात हजार चांगली कामं केली. पाहुणे घरी जाताना एवढंच लक्षात ठेवून जातील. हे पान काढून टाक."

आवडाने बांधणी निरखली. "पान कापलं तर त्याच्या जोडीचं पानही सुटेल, राणीसाहेब. शिवण उसवेल. कुणालाही कळेल."

"मग रंगाने झाक. पण कुणाला कळता कामा नये."

आवडाला वाटलं, नाही म्हणावं. पण 'कळता कामा नये' हे शब्द तिच्या नेमके वर्मावर बसले.

"कळणार नाही," ती म्हणाली.

घरी येऊन तिने आबांना सांगितलं. म्हातारा गेरू कुटत बसला होता. त्याचा हात थांबला.

"हे काम आधी माझ्याकडे आलं होतं," तो म्हणाला. "हात थरथरतो म्हणून सांगितलं मी."

"आबा, तुमचा हात तर चांगला आहे! सकाळीच मिशीच्या केसाएवढी बारीक रेघ ओढलीत तुम्ही."

"काही कामांपुरता थरथरतो, बाई," आबा म्हणाले आणि पुन्हा गेरू कुटू लागले.

आवडाला राग आला. दुसऱ्या दिवसापासून ती दालनात कामाला बसली.

आठ दिवस काम चाललं. खारीच्या केसांचा कुंचला घेऊन तिने आधी ज्वाळांवर हिरवं गवत काढलं. मग पळणाऱ्यांच्या पायांवर, मग अंगांवर. जिथे तीन माणसं खाली बसली होती तिथे हरणांची जोडी काढली. जिथे गुराखी काठी टेकून उभा होता तिथे मोहरलेला आंबा आला. तटावरच्या राणीचं तोंड तिने सरळ केलं आणि त्यावर हसू ठेवलं. चेहरे झाकताना ती त्यांच्या डोळ्यांकडे पाहत नसे.

सगळ्यात शेवटी राहिला दारावरचा तो तळवा. रंग लावायला तिने कागदावर बोट टेकवलं, आणि कागद तिला ऊन लागला. दुपारी उन्हात तापलेल्या भिंतीसारखा. तिला वाटलं, खिडकीतून ऊन येत असेल. दालनाची खिडकी उत्तरेला होती, तिथून ऊन कधीच येत नसे. पण हे तिला घरी गेल्यावर आठवलं.

पानाच्या मागे सतरा ओळींत नावं होती. त्यांच्यावर राणीच्या सांगण्यावरून तिने खळ लावून कोरा कागद चिकटवला. काम संपलं. तिने पान तिरपं धरून उजेडात पाहिलं. कुठे काही दिसत नव्हतं.

उत्सव थाटात झाला. पाहुण्यांनी एकोणतिसावं पान पाहून माना डोलावल्या. "काय सुंदर आंबा काढलाय!" एक पाहुणी म्हणाली. आवडा खांबाआड उभी होती. तिने ते ऐकलं, आणि खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं.

दोन महिन्यांनी राणीला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं झालं, आणि त्या बारशाचं चित्र ग्रंथाच्या शेवटच्या पानावर काढायला आवडाला पुन्हा बोलावलं. चैत्र लागला होता. उतरणीवरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं.

ती काम करत असताना राणीची पाच वर्षांची मुलगी येऊन बसायची. पोर गोड होती, हात लावायची नाही, नुसती पाहायची. आवडा चित्र रंगवायची आणि राजकन्या ग्रंथाची सुरुवातीची पानं हलक्या हाताने उलटायची.

एके सकाळी ती म्हणाली, "आवडाबाई, लग्नात हा माणूस कोण आलाय?"

"कुठला गं?"

"हा. केळीच्या खांबामागे. याचे पाय काळे का?"

सातव्या पानावर थोरल्या राणीचं लग्न होतं. मांडव, करवल्या, वाजंत्री. आणि अगदी कडेला, केळीच्या खांबाआड, काठी टेकून एक माणूस उभा होता. सगळी वऱ्हाडी मंडळी नवरानवरीकडे पाहत होती. तो मात्र पानातून बाहेर पाहत होता.

आवडाच्या हातातला कुंचला गळाला. त्या माणसाला ती ओळखत होती. त्याच्यावर तिने आंबा काढला होता.

"जुनं चित्र आहे, बाळ," ती कशीबशी म्हणाली. "असेल कोणी चाकर."

राजकन्या खेळायला गेल्यावर तिने घाईघाईने एकोणतिसावं पान उघडलं. आंबा होता तसाच होता. हरणं होती तशीच होती. ती पुन्हा सातव्या पानावर आली, केळीचं एक पान खाली ओढून काढलं आणि त्या माणसाला झाकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो नवव्या पानावर होता, शिकारीच्या चित्रात, झुडपामागे. आणि आता तो एकटा नव्हता.

रोज पानं बदलत गेली. थोरली राणी तळ्याचं पूजन करत होती, तर पायऱ्यांवर दोन मुलं येऊन बसली. राणी दरबारात होती, तर सरदारांच्या रांगेच्या टोकाला एक म्हातारी आली, काजळी फासलेलं लुगडं नेसलेली. त्यांनी कुणाला काही केलं नव्हतं. ती नुसती उभी होती. आवडा ज्याला झाकी, तो दुसऱ्या दिवशी पुढच्या पानावर असे. मागे कोणीच जात नव्हतं. सगळी शेवटाकडे चालली होती.

राजकन्या त्यांना भ्यायची नाही, आणि आवडाला याचीच जास्त भीती वाटायची.

"आज बाई आली," ती एकदा म्हणाली. "गाठोडंवाली. दादाच्या बारशाला आली." घरात तान्ह्या भावाला सगळे लाडाने दादा म्हणत.

आवडाने शेवटच्या पानाकडे पाहिलं. तिचा स्वतःचा रंग तिथे पुरता वाळलाही नव्हता. बारशाचं दालन तिने काढलं होतं, सवाष्णी काढल्या होत्या, रेशमी दोरीचा पाळणा काढला होता. दालनाच्या उंबऱ्याशी ती बाई उभी होती. अंगाशी गाठोडं, आणि एक हात चौकटीला टेकलेला.

"तिला काय हवंय गं?" आवडाने विचारलं. मोठ्या माणसाने पोराला विचारावं असा तो प्रश्न नव्हता.

"तिला पाळणा बघायचाय," राजकन्या म्हणाली.

त्याच दिवशी वाड्यात गवत जळाल्याचा वास सुटला. दासींनी चुली पाहिल्या, गोठा पाहिला. कुठेच काही नव्हतं. भर दुपारी पहारेकऱ्यांना दरवाज्यावर थापा ऐकू आल्या. त्यांनी दरवाज्यातली छोटी दिंडी उघडली. बाहेर उतरणीवर ऊन तापत होतं आणि माणूस म्हणून कोणी नव्हता. दुसऱ्या दिवशी राजपुत्राने दूध सोडलं. त्याचं अंग गार, पण तळहात मात्र लालबुंद आणि कढत. वैद्याने चाटण दिलं, दाईने दृष्ट काढली. मूल रडायचंही थांबलं; नुसतं दाराकडे पाहत राहायचं.

आवडा धावत घरी गेली आणि आबांसमोर तिने सगळं ओकून टाकलं.

"मी त्यांना किती वेळा पुसलं, आबा! जातच नाहीत."

म्हाताऱ्याने गेरूचा खल बाजूला सारला. मग म्हणाला, "तू त्यांना पुसलं नाहीस, बाई. त्यांना त्या ग्रंथात एवढीशी जागा होती, बंद दाराबाहेरची. तेवढीच होती. ती तू काढून घेतलीस. ज्याची जागा गेली, तो माणूस दारोदार फिरणारच की."

"मग मी काय करू?"

"जिच्या सांगण्यावरून झाकलंस तिला सांग. आणि जिच्या हाताने झाकलं गेलं तिचंही नाव घे."

आवडा परत आली ती थेट राणीच्या पुढ्यात. ग्रंथ उघडून तिने पान पान दाखवलं. राणी आधी भडकली.

"तुझा रंग कच्चा! खालचं वर उमटतंय, आणि तू मला भुतं दाखवतेस?"

"रंग कच्चा असता तर बरं झालं असतं, राणीसाहेब. उमटायचं ते त्याच पानावर उमटलं असतं. हे बघा."

तिने शेवटचं पान उघडलं. बाई उंबऱ्यावर नव्हती. ती पाळण्यापाशी होती. पाळण्यावर ओणवी झाली होती, आणि तिचा काळवंडलेला हात पाळण्याच्या दोरीवर होता.

पलीकडच्या दालनात खराखुरा पाळणा हलला. कुरकुर आवाज झाला. राणी उठून धावली. पाळण्याजवळ कोणी नव्हतं, आणि दोरी हळूहळू मागेपुढे होत होती.

राणीने मुलाला उचलून छातीशी घेतलं. मग ती परत आली आणि तिने एका हाताने ग्रंथ ओढला. "जाळून टाका हा! आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत जाळा!"

आवडाने आयुष्यात कधी राणीच्या अंगाला हात लावला नव्हता. आता तिने राणीचं मनगट धरलं.

"एकदा जळालीयेत ती माणसं," ती म्हणाली. "आता पुन्हा जाळणार?"

राणीच्या हातातून ग्रंथ सुटला. ती त्याच्यासमोर खाली बसली. लहान मुलीच्या आवाजात तिने विचारलं, "तिने का वळवलं असेल तोंड, आवडा? दार उघडायला किती वेळ लागतो?"

"ते मला ठाऊक नाही. पण तोंड वळवलं होतं, हे तिने लपवलं नाही. आपण लपवलं. तुम्ही सांगितलंत आणि मी केलं. आणि मी ते मन लावून केलं, राणीसाहेब, हे माझं जास्त मोठं पाप."

आवडाने पाणी मागवलं. ओल्या फडक्याने, बोटाच्या टोकाने, तिने एकोणतिसाव्या पानावरचा आपला रंग उतरवायला घेतला. आंबा विरघळला. हरणं विरघळली. ज्वाळा पुन्हा दिसू लागल्या, बंद दरवाजा दिसू लागला, आणि तटावरचं वळलेलं तोंड. पण दारासमोरची जागा रिकामी होती. तिथे एकही माणूस नव्हता. कोरा कागद तेवढा होता, सतरा ठिकाणी.

"गेली," राणी पुटपुटली.

आवडाने पान उलटलं, मागे चिकटवलेल्या कागदाला पाणी लावलं आणि तो अलगद सोलून काढला. खाली अक्षरं शाबूत होती.

"गेलेल्या माणसाला बोलवायचं तर नावानेच बोलवावं लागतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी राजधानीचा मोठा दरवाजा दोन्ही फळ्यांनी उघडला गेला. वाडीत दवंडी दिली होती. माणसं उतरण चढून आली आणि काय आहे ते न कळून दारासमोर उभी राहिली. उंबऱ्यावर राणी अनवाणी उभी होती. शेजारी आवडा, तिच्या दोन्ही हातांवर ग्रंथ.

राणीने लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. पणजीने काय केलं ते, आणि आपण काय केलं तेही. माणसांत कुजबुज उठली. मागून कोणीतरी म्हणालं, "आमची आजी सांगायची काहीतरी. आम्हाला वाटलं, म्हातारीची बडबड." 

राणी वाचू लागली.

"भिकू. त्याची बायको सटवाई. त्यांची पोर पुतळी."

आवडाने पान उभं धरलं होतं, नावांची बाजू राणीकडे आणि चित्राची स्वतःकडे. कोऱ्या जागी काजळीसारखा डाग आला, पसरला, आणि मुठी उगारलेला एक माणूस झाला. त्याच्याशेजारी त्याची बायको. तिचा पदर धरून पोर.

"दगडू गुराखी. हैबती. बहिरू. धोंडी आणि तिची आई."

एकेक जण येत होता. उतरणीवर वारा नव्हता, तरी वाळलेलं गवत असं सळसळत होतं, की त्यातून अनवाणी माणसं चालत वर येत आहेत असं वाटावं. वाडीची माणसं एकमेकांना खेटून उभी राहिली. जमलेल्यांपैकी एकाने दगडूचं नाव ऐकून हात जोडले; तो त्याच्या घराण्यातला होता आणि ते त्याला आजच कळत होतं.

सोळावं नाव आलं. "ठकू." राणीने खालची ओळ पाहिली. तिने पुन्हा पाहिलं. "आणि ठकूचं बाळ. दिवस नऊ. नाव नाही."

आवडाने पान पाहिलं. पंधरा माणसं आली होती. दारापाशी दोन जागा कोऱ्याच होत्या. तिने शेवटचं पान उघडलं. ठकू तिथेच होती, पाळण्यावर ओणवलेली. गाठोड्याचं एक टोक सुटलं होतं, आणि आतून इवलीशी मूठ दिसत होती.

"बारसं व्हायचं होतं तिच्या बाळाचं," राणी हळूच म्हणाली. "तीन दिवस राहिले होते. ती माझ्या मुलाला न्यायला आली नाही, आवडा. ती पाळणा शोधत होती."

राणीने दासींना हाक मारली. राजपुत्राचा पाळणा दरवाज्यात आणला गेला आणि उघड्या चौकटीत, आतही नाही आणि बाहेरही नाही असा, मधोमध टांगला. कोणी घुगऱ्या मागवल्या, कोणी फुलं. वाडीतली एक पिकलेली म्हातारी पुढे झाली. तिने रिकाम्या पाळण्यात कुंची ठेवली आणि विचारलं, "नाव आत्या ठेवते. या बाळाची आत्या कोण?"

कोणी पुढे आलं नाही. त्या बाळाचं नात्याचं माणूस उरलं नव्हतं.

"मी आत्या," राणी म्हणाली.

"आणि नाव?"

"मुलगा होता की मुलगी, ते लिहिलेलं नाही. तुम्हीच सांगा, आजी. दोघांना शोभेल असं."

म्हातारीने थोडा विचार केला. "हिरा म्हणा."

राणी पाळण्यावर ओणवी झाली. तिने रिकाम्या कुंचीच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या आत्या म्हणतात तसं म्हटलं, "कुर्रर्र..." आणि नाव सांगितलं. तिच्या पाठीवर आजूबाजूच्या बायकांनी रिवाजाप्रमाणे हलकेच धपाटे घातले. राणीच्या पाठीवर वाडीतल्या बायकांनी. तिला रडू फुटलं ते तेव्हा.

पाळणा कोणी न हलवता तीनदा हलला, आणि थांबला.

आवडाच्या हातावरचा कागद एकदम गार झाला. एकोणतिसाव्या पानावर ठकू परत आली होती. दार बंदच होतं, ज्वाळा तशाच होत्या. घडलेलं कोणालाही बदलता येत नाही. पण आता तिचा तळवा दाराच्या फळीवर नव्हता. तो बाळाच्या डोक्यावर होता.

आतून राजपुत्राचं रडणं ऐकू आलं. भुकेलं, खणखणीत रडणं. दाई ओरडतच बाहेर आली, "राणीसाहेब, मूल दूध मागतंय!"

त्या दिवसानंतर वाड्यात जळक्या गवताचा वास आला नाही. राणीने उतरणीवरचं गवत दर वर्षी चैत्राआधी कापून घ्यायचा हुकूम केला, आणि वणवा दिसला की दार उघडणं हे पहारेकऱ्याचं पहिलं काम ठरवलं. वर्षातून एक दिवस ती दरवाज्यात उभी राहून नावं वाचू लागली. सतरावं नाव आता त्या यादीत स्वच्छ अक्षरांत होतं.

आवडाने शिक्षा मागितली. राणी म्हणाली, "शिक्षा दोघी मिळून घेऊ. ग्रंथात एक पान वाढव." तेव्हा आवडाने शेवटचं एक चित्र काढलं. दार लावलेलं दालन, ग्रंथावर बोट ठेवून बसलेली राणी, आणि समोर कुंचला उचलणारी चितारीण. दोघींची तोंडं तिने सरळ पुढे काढली, पाहणाऱ्याला ओळखू येतील अशी. त्या चित्राला आठ दिवस लागायचे, पण महिना लागला. कारण स्वतःचे डोळे रंगवताना तिचा हात खरोखरच थरथरत होता.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: झाकलेली चूक घरभर फिरत राहते, आणि नाव घेऊन कबूल केलेली चूकच आपल्या जागी शांत होते.